जोनबाईंची वाकळ

होळी पेटून विझली की हुबळीचं ऊन एका रात्रीत मोठं होतं. सकाळीच गच्चीची फरशी पाय ठेवू देत नाही. अशा उन्हात लोक पडदे ओढून आत बसतात आणि माझ्या मात्र अंगात काहीतरी संचारतं. कपाटाच्या तळाशी वर्षभर साठवलेल्या जुन्या साड्या, विरलेल्या लुंग्या, मुलींचे आखूड झालेले परकर मी बाहेर काढते, पाण्यात बुडवते आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. दुपारपर्यंत सगळं कडकडीत वाळतं. गोळा करताना त्यात तोंड खुपसलं की वास येतो. थोडा उन्हाचा, थोडा साबणाचा आणि कितीही धुतलं तरी न जाणारा, ते कापड वापरलेल्या माणसाचा.

हे वाकळ शिवायचे दिवस. आमच्या घरात वाकळ म्हणतात, शेजारच्या गिरिजक्का कौदी म्हणतात, पुण्याची भाची गोधडी म्हणते. आणि पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला एक बाई होती, ती क्विल्ट म्हणायची. यंदा कपडे गोळा करताना तिचीच आठवण आली, आणि तो सगळा उन्हाळा अंगावर धावून आला.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. आमचं दुर्गदबैलात कापडाचं दुकान, घर कमरीपेठेत. सासऱ्यांचे वडील मिरजेकडून आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. दुकानात ठाण संपलं की उरायचे ते तुकडे घरी माझ्याकडे यायचे, आणि मी काही ना काही जोडत बसायची. धारवाडला कॉलेजात असलेला माझा धाकटा भाऊ एकदा आला आणि मला ओढत मंजुनाथच्या इंटरनेट सेंटरवर घेऊन गेला. हे सेंटर म्हणजे पूर्वीचा एसटीडी बूथ. प्लायवूडच्या फळ्या लावून तिथं कॉम्प्युटरांची खुराडी केली होती. भाऊ म्हणाला, "काय शोधायचं ते सांग." मी जिभेवर आलं ते बोलले, "गोधडी." त्यानं इंग्रजीत टाकलं आणि पडदा रंगांनी भरून गेला! नॉर्वे, जपान, कॅनडा, ब्राझील, कुठकुठल्या बायका! सगळ्या बसून तुकडे जोडतायत आणि एकमेकींना दाखवतायत. मला वाटलं, अरे, या तर माझ्याच गल्लीतल्या आहेत.

त्या बायकांचा ई-मेलवर चालणारा एक गट होता. मी त्यात शिरले आणि रोज दुपारी, जेवणं आटोपली की, मंजुनाथच्या खुराड्यात जाऊन बसू लागले. मोडेम कर्र-टीं करून ओरडायचा, मग तो हाक द्यायचा, "वैनी, लाइन बंतु!" लाइन आली की मी खुर्ची पुढे ओढायची. आज कोण काय म्हणालं असेल?

या गटाची कर्तीधर्ती म्हणजे जोन. न्यूझीलंडच्या दक्षिणेला, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त अशा गावात राहायची. आयुष्यभर शाळेची बस चालवली, निवृत्त झाल्यावर सुई धरली. तिनं मला पट्टी लावून कापायला शिकवलं. मी तिला सांगितलं की आम्ही कापत नाही, दाताने कड तोडतो आणि टरकन फाडतो, म्हणजे धाग्याच्या सरळ रेषेत फाटतं. ती खूप हसली. मी एकदा लिहिलं, तुकडा वीतभर घ्या. तिनं विचारलं, "कुणाची वीत?" मी कागदावर हात ठेवून पंजा आखला आणि तो पोस्टानं पाठवला. तिनं त्यावर आपला हात ठेवून पाहिला. म्हणाली, माझी वीत तुझ्यापेक्षा बोटभर मोठी आहे, स्टिअरिंगमुळे असेल.

तिच्याकडे सफरचंदं पिकायची तेव्हा माझ्याकडे आंब्याला मोहोर. तिला हुडहुडी भरायची तेव्हा मी वाळ्याचं पाणी पीत बसलेली. असं उलटंपालटं चालायचं आमचं, आणि त्यातच मजा होती.

त्या वर्षी जोनच्या मुलीला दिवस गेले. पहिलंच नातवंड! गटात नुसता कल्लोळ. ठरलं असं की प्रत्येकीनं एक चौकोन शिवून जोनला पाठवायचा, ती ते सगळे जोडेल आणि बाळाचं पांघरूण होईल. मी घरी सांगितलं तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडायचं ताट बाजूला ठेवून उठल्याच. "बाळासाठी ना? मग माझं हिरवं इरकल घे." ते इरकल त्यांनी वर्षानुवर्षं नेसून नेसून सायीसारखं केलं होतं. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी बारसं ठरलं की आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागायला येत. त्यांची सगळी मुलं धडधाकट वाढली, म्हणून त्यांच्या अंगावरच्या कापडाला मान. मी ते फाडलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, इतकं मऊ. मध्ये लाल काठाची चौकट घेतली, बारीक धावदोरा घातला, आणि दुकानाच्या छापील पाकिटात घालून संक्रांतीनंतर पोस्टात टाकलं.

होळीच्या सुमारास पोस्टमन पाकीट घेऊन आला. आत माझाच चौकोन. पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेला, इस्त्री केलेला. सोबत दोन ओळी होत्या, की काम फार सुंदर आहे, पण हे वापरलेलं कापड आहे, आणि नियम नव्या कापडाचा आहे. मला माफ कर, मला हे बाळासाठी घेता येणार नाही.

मला त्या इस्त्रीचाच जास्त राग आला.

"काय लिहिलंय गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"नवं कापड पाहिजे म्हणते."

"नवं? बाळाला?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "टोचंल की गं त्याला!"

मग त्यांच्या लक्षात आलं की परत आलेलं लुगडं त्यांचं आहे. त्यांनी तो चौकोन उचलला, त्याची घडी करून कमरेला खोचली आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजली.

दुसऱ्या दिवशी मी मंजुनाथकडे जाऊन साऱ्या गटाला लिहिलं. इंग्रजी गेलं खड्ड्यात, जसं सुचेल तसं लिहिलं. आमच्याकडे पहिल्या दिवशी बाळाला नवं घालत नाहीत, जुन्यात गुंडाळतात, तो मान आहे, तुम्ही तो मान परत पाठवलात. आणि जगाच्या चारी कोपऱ्यांत आग लागली! जपानची बाई माझ्या बाजूनं उभी राहिली, आमच्याकडेही जुनं कापड पिढ्यान्‌पिढ्या शिवत नेतात म्हणाली. अमेरिकेतली एक म्हणाली, सगळं खरं, पण जंतूंचं काय? आणखी एकीनं मला सांभाळून घ्यायला म्हणून लिहिलं की अशा देशांतल्या गरिबीतूनसुद्धा किती गोड कला जन्मते. हे वाचून तर माझं डोकंच फिरलं. अहो, आमचं कापडाचं दुकान आहे! नव्या कापडाची ठाणं छतापर्यंत रचलेली आहेत! मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, "संपलं. उद्या नाव काढून टाकते गटातून."

जोन मात्र गप्प होती.

लगीनसराईचे दिवस होते. मी ह्यांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. गादीवर अळणावरकडची मंडळी बस्ता बांधायला बसली होती, साड्यांचा ढीग पडला होता. तेवढ्यात गल्ल्याजवळचा फोन वाजला. ह्यांनी उचलला आणि त्यांचा चेहराच बदलला. रिसीव्हरवर हात ठेवून कुजबुजले, "सुनंदा, अगं ये लवकर! कोणतरी मडम आहे, सारखं सुनांडा-सुनांडा म्हणतेय!"

पाकिटावरचा दुकानाचा नंबर तिनं जपून ठेवला होता.

मी फोन कानाला लावला. समुद्राच्या तळातून यावा तसा आवाज, घोगरा, बस चालवणाऱ्या माणसाचा. प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागायचं, कारण आपलाच आवाज परत ऐकू यायचा. अळणावरच्या मंडळींनी साड्या चाळायच्या थांबवल्या. अख्खं दुकान कान लावून बसलं.

"मी भांडायला फोन केलेला नाही," जोन म्हणाली. "मला हे लिहिता येत नाही, म्हणून बोलते."

ती लहान असताना तिच्या वडिलांचं काम सुटलं. गावातल्या चांगल्या घरच्या बायका दारात कपड्यांचं गाठोडं ठेवून जायच्या. त्यातून तिला एक निळा फ्रॉक मिळाला, पांढऱ्या कॉलरचा. ती आनंदानं तो घालून शाळेत गेली. वर्गात एक मुलगी उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तो माझा आहे. आईनं गरिबांना दिला."

"त्यानंतर मी कधी कुणाचं जुनं अंगाला लावलं नाही," जोन म्हणाली. "घरात भांडी पुसायचं फडकंसुद्धा जुनं झालं की फेकते. सुनांडा, माझ्या नातवंडाला मी कुणाचं जुनं कसं घालू?"

माझा राग कुठं गेला कळलंच नाही. हे माझ्याकडे पाहतायत, गिऱ्हाईकं पाहतायत, आणि मला इंग्रजी शब्द सापडेनात.

"जोन," मी म्हटलं, "आमच्याकडे जुनं कुणी देत नाही. ते मागावं लागतं."

"कोण मागतं?"

"बाळाची आजी. घरोघर जाते. मोठ्या वाड्यातली असली तरी जाते. म्हणते, तुमच्या घरातली माणसं हसत-खेळत मोठी झाली, त्यांच्या अंगावरचं थोडं माझ्या बाळाला द्या."

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली.

"आजी मागते?" घोगरा आवाज हळूच आला.

"आजीच मागते."

आणि मग लाइन खरंच गेली. अळणावरच्या मंडळींतली एक म्हातारी बाई मला म्हणाली, "येन्वा, काय गं बाई, कुणाचं बरं-वाईट झालं काय?" मी मान हलवली आणि हसतच सुटले. रडतही होते बहुतेक.

काही दिवस गेले. एका दुपारी मंजुनाथनं लाइन आल्याची आरोळी ठोकली, मी बसले, आणि पडद्यावर जोनचं पत्र उघडलं. एकट्या मला नव्हतं, सगळ्यांना होतं. तिनं लिहिलं होतं: मी एक आजी होणार आहे, आणि मी मागायला आले आहे. तुमच्या घरात चांगलं जगलेल्या माणसाच्या अंगावरचं थोडं कापड माझ्या बाळाला द्या. माझ्याकडे पाठवू नका, जुनं शिवायला माझे हात अजून ऐकत नाहीत. हुबळीला सुनांडाकडे पाठवा. ती शिवेल.

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. फळीवर डोकं आपटलं.

आणि मग जो उन्हाळा सुरू झाला, तसा पुन्हा आला नाही! पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की गल्लीतली दारं उघडायची. गिरिजक्का जिन्यावरूनच विचारायच्या, "एन्‌ बंतवा इवत्तु?" आज काय आलं? नॉर्वेतून एका मासे पकडणाऱ्या नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट आला, खिसे विरलेले. जपानमधून वडिलांच्या कामाच्या कोटाचा निळा तुकडा, इतका निळा की पाण्यात बघतोय असं वाटावं. ब्राझीलच्या आजीचा पिवळा परकर. कॅनडातून अस्वलांच्या चित्रांचा पायजमा. जंतूंचं विचारणाऱ्या अमेरिकेतल्या बाईनंसुद्धा पाठवलं! नवऱ्याचा पांढरा शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद, आणि वर चिठ्ठी, की तीनदा उकळला आहे. आत्याबाई प्रत्येक पुडकं उघडून आधी नाकाला लावायच्या. नॉर्वेच्या शर्टाला म्हणाल्या, "हा माणूस पाण्यातला." अमेरिकेच्या शर्टाला म्हणाल्या, "याचा जीवच काढलाय गं बाईनं धुऊन धुऊन."

मग जोनचं पार्सल आलं. आम्ही सगळ्या जमलो, गिरिजक्का, त्यांच्या सुना, समोरच्या घरातल्या. उघडलं तर आत फलालीन, म्हणजे फ्लॅनेलचं कापड. पिवळ्या फुलांचं, कोरं करकरीत, घडीसुद्धा न मोडलेलं.

"हे तर नवं आहे!" आत्याबाई म्हणाल्या.

जोननं लिहिलं होतं, माझ्याकडे जुनं काहीच नाही. तुम्ही हे जुनं करून घ्या.

आत्याबाईंनी पदर खोचला. "आण इकडं."

आणि कमरीपेठेतली आमची गल्ली एका फलालिनीच्या मागे लागली! त्यावर पापड वाळले, शेवया वाळल्या, सांडगे वाळले. दुपारी ते अंथरून गिरिजक्कांची नातवंडं झोपली. ह्यांनी उन्हात दुकानात जाताना डोक्याला गुंडाळलं. एकीनं अळणावरच्या लग्नाला जाताना रेल्वेच्या बाकावर अंथरायला नेलं आणि हळदीचे डाग घेऊन परत आणलं. रोज संध्याकाळी दगडावर धुणं, रोज सकाळी वाळवणं. मी मंजुनाथकडे जाऊन रोजची हकीकत गटाला कळवायची. जोन विचारायची, "आज माझ्या कापडानं काय केलं?" सारी दुनिया त्या कापडाच्या तब्येतीची चौकशी करायची! वैशाख सरता सरता ते खरोखरच मऊ पडलं. आत्याबाईंनी गालाला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता झालं माणसात."

शिवायला आम्ही पुढच्या खोलीत बसलो. सगळ्यांत खाली जोनचं फलालीन, मग साडीचे थर, वर जगभरचे तुकडे, आणि मधोमध तो परत आलेला इरकलचा चौकोन. आत्याबाईंनीच तो इतके दिवस जपलेला काढून ठेवला. चार कोपऱ्यांना चार बायका, कडेपासून आत आत धावदोरा घालत निघाल्या. फोडलेलं कलिंगड मध्ये, धारवाडी आपूस चोखून झालेल्या कोयांची परात दाराशी, आणि तोंडं अखंड चालू. गिरिजक्कांची सुई नॉर्वेच्या शर्टातून शिरायची आणि माझ्या हिश्शातल्या जपानच्या निळ्यापर्यंत यायची. गिरिजक्का मध्येच थांबून म्हणाल्या, "भाळ चलो ऐति." फार छान झालंय. ते वाकळीला म्हणाल्या की सगळ्यालाच, मला ठाऊक नाही.

आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो. जोनला भीती होती की तिच्या बाळाला कुणी कमी समजेल. मला भीती होती की माझ्या माणसांना कुणी कमी समजलं. त्या फोननं दोघींची भीती एकमेकींना दिसली. नुसतं लिहीत राहिलो असतो तर दोघी आपापल्या जागी बरोबरच राहिलो असतो.

वाकळ गेली. तिकडे कडाक्याची थंडी सुरू झाली होती. मुलगा झाला. मंजुनाथनं सगळ्या सेंटरला पेढे वाटले, जणू त्याच्याच घरचं बारसं. मग जोनचा पहिला फोटो आला. तो मी छापून घरी आणला. बैठकीची स्वच्छ भिंत, दोन बाजूंना दोन दिवे, आणि मध्ये खिळ्याला टांगलेली आमची वाकळ.

आत्याबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "हे काय? कॅलेंडर आहे होय? पोर कुठाय?"

"पाळण्यात असेल."

"मग वाकळ भिंतीवर कशाला? भिंतीला थंडी वाजते काय?"

मी जोनला हेच लिहिलं. तिचं उत्तर आलं, की त्यात इतक्या माणसांचं आयुष्य आहे, बाळानं खराब केलं तर मी कुणाला तोंड दाखवू? आमच्याकडे, ती म्हणाली, ज्याचा मान ठेवायचा ते उंच टांगतात. मला तिचं म्हणणं कळलं. दारात गाठोडं करून टाकलेलं जुनं कापड तिनं या खेपेला घरातल्या सगळ्यांत चांगल्या भिंतीवर लावलं होतं. तरीही मला ते पटत नव्हतं. ते बायकांचे हात, ते पापडांचे ठसे, ते सगळं त्या पोराच्या अंगाला लागायला हवं होतं. मी मंजुनाथला विचारून विचारून इंग्रजी जुळवलं आणि लिहिलं, की त्यावर त्याला ओकू दे, ओलं करू दे, चावू दे, ओढत फिरवू दे. ते त्याच्यासाठीच आहे. खराब झालं तर आम्ही दुसरी शिवू.

आषाढाची भुरभुर सुरू झाली, दुकानातली गर्दी ओसरली. उत्तरासाठी मी रोज मंजुनाथकडे जायची, रोज रिकाम्या हातानं यायची.

आता तो पोरगा मिशा फुटलेला बाप्या झालाय, आजीच्या गावात ट्रॅक्टर चालवतो. पण मला अजूनही ती दुपार तशीच दिसते. जोनचा मेल आला होता. मजकूर काहीच नाही, फक्त एक फोटो. तेव्हा फोटो एकदम दिसत नसत. वरून खाली, पट्टी-पट्टीनं उतरत. आधी छत आलं. मग भिंतीचा वरचा भाग. मग एक दिवा, दुसरा दिवा. मी पडद्याला नाक लावून बसले होते. मग खिळा आला. खिळ्याखाली भिंत. त्याखाली भिंत. आणखी एक पट्टी उतरली, तीही नुसती भिंत!

मी इतक्या जोरात ओरडले की बाजूच्या खुराड्यातला माणूस उठून उभा राहिला आणि मंजुनाथ गल्ल्यावरून धावत आला. "एन आतु वैनी? काय झालं?"

"काही नाही हो!" मी टाळ्या वाजवत म्हटलं. "भिंत आली, भिंत!"